अर्धा आटा

ईडन प्रेरी, मिनेसोटा
रविवार, २१ जानेवारी २००७

पद्मिनी,

ईमेलला तू उत्तर देत नाहीस आणि फोन सरलाताई उचलतात. "ती बाहेर गेलीये," म्हणतात. ओहायोत जानेवारीच्या थंडीत माणूस रोज संध्याकाळी सातला कुठे बाहेर जातो, हे मी त्यांना विचारलं नाही. तुझ्या मोठ्या बहिणीशी वाद घालायची माझी हिंमत नाही. म्हणून हे कागदावर. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तू जाऊन सहा आठवडे झाले. माझ्या मित्राच्या, प्रसन्नच्या घरी मी जे बोललो ते गमतीत बोललो. "अकोल्याच्या सोनाराची लेक, आणि हिचंच माप चुकलं!" सगळे हसले. त्याची बायको उल्का तर पाणी पिता पिता हसली. यात घर सोडून बहिणीकडे जाण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा शेजारचा आयनार लिंडक्विस्ट आला होता. बर्फातून, काठी टेकत, दारात टोपी काढून उभा. तुझा पत्ता हवा होता त्याला. मी म्हटलं, माझ्याकडे नाही. बायकोचा पत्ता नवऱ्याकडे नाही हे त्याला पटलं नसणार, पण ही म्हातारी स्वीडिश माणसं परक्याच्या दारात उभं राहून दुसरा प्रश्न विचारत नाहीत. "ठीक आहे, गुरू," म्हणाला आणि गेला.

दोन वर्षं मी गप्प बसलो, आता बोलून टाकतो. २००५ च्या संक्रांतीला तू त्याच्याकडे तिळगूळ घेऊन गेलीस. पाच मिनिटांत येते म्हणालीस, दीड तासाने आलीस. गाल लाल, बोटांना तेलाचा वास. "गुरू, अरे, बाबांच्या दुकानातल्यासारखा तराजू आहे त्याच्या गॅरेजमध्ये!" त्याच्या वडिलांनी स्वीडनहून आणलेली जुनी रायफल, मोठ्या जनावरांची. तिची काडतुसं इथल्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून तो वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून बारूद घालायची, वर गोळी दाबायची. पण हात थरथरतात, बारूद सांडते. आणि तू त्याच्या हातातून चमचा घेतलास. "मी करू का?"

त्या दिवसापासून दर शनिवारी तू तिकडे.

दिगंबररावांनी, तुझ्या बाबांनी, तुला लग्नापर्यंत दुकानात तराजूपुढे बसवलं आणि दुकान तुझ्या भावाला दिलं, हे मला माहीत आहे. इथे आलीस तर पासपोर्टवर शिक्का, की नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करता येणार नाही. सहा वर्षं तू घरात बसलीस, हेही माहीत आहे. पण तो शिक्का मी मारलेला नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं गॅरेज दिसतं. मी बघायचो. तुम्ही बोलत नव्हतात. बोलत असतात, हसत असतात, तर मला समजलं असतं. तासन् तास दोघं एकाच टेबलाशी गप्प. आपण दोघं घरात गप्प असलो की मला टीव्ही लावावा लागतो.

तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तसलं काही माझ्या मनात कधीच नव्हतं.

परत ये. निदान फोन तरी उचल.

गुरुनाथ


रविवार, २५ फेब्रुवारी २००७

पद्मिनी,

उत्तर नाही. ठीक.

आयनारने मागच्या आठवड्यात एक पुडकं आणून दिलं. "पत्ता नाही म्हणालात. पण कधी भेटेल तेव्हा तिला द्या." मी उघडलं. रागाव हवं तर. माझ्या घरी आलेलं पुडकं होतं.

आत तुझी वही निघाली. निळ्या पुठ्ठ्याची, मीच ऑफिसातून आणलेली. सोबत त्याची एक चिठ्ठी आहे. तिच्यात विशेष काही नाही, म्हाताऱ्या माणसाची विचारपूस. वहीबरोबर पाठवून देईन कधीतरी.

वही मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं होतं नुसते आकडे असतील. आकडे आहेतच, पण प्रत्येक तारखेखाली एकेक ओळ आहे, मराठीत, त्याला वाचता येणार नाही अशी. "आज एकोणीस भरली. हात शांत होता." "शेवटचा दाणा बोटाच्या टिचकीने पडला. बाबा असते तर मान हलवली असती." आणि एके ठिकाणी, "आयनार म्हणाला, तुझ्या हातात घाई नाही."

नऊ वर्षांच्या संसारात तुझ्या हाताबद्दल असं वाक्य मी बोललो नाही. पण तूही मला कधी सांगितलं नाहीस की तुझा हात कधी शांत असतो आणि कधी नसतो. त्या वहीला सांगितलंस.

तुझं नावसुद्धा त्याने शिकून घेतलं. पहिल्या महिन्यात "पॅडमनी" म्हणायचा, मग तू त्याला जीभ कुठे लावायची ते दाखवलंस, आणि आता तो "पद्मिनी" असं म्हणतो की नागपूरचा माणूस फसावा. मी ख्रिसमस पार्टीत माझ्या मॅनेजरला तुझी ओळख "पॅम" म्हणून करून दिली होती. लोकांना सोपं पडावं म्हणून.

त्या मूसचं, हरणाच्या जातीतल्या त्या अजस्र जनावराचं जे झालं ते वाईट झालं, मी कबूल करतो. मूसच्या शिकारीच्या परमिटची सोडत आयनारला इतक्या वर्षांनी लागली, आणि ते परमिट इथे माणसाला जन्मात एकदाच मिळतं. तू त्या मूसचा फोटो पाहून म्हणाली होतीस, "म्हशीला चुकून दुसऱ्या कुणाची शिंगं लावलीत." किती खूश होता तो तेव्हा. आणि ऑक्टोबरात परत आला तो मनगटाला प्लास्टर घालून. गोळी खाली लागली, जनावर जखमी होऊन दलदलीत शिरलं, हा आणि याचा मेहुणा दोन दिवस गुडघाभर गार पाण्यात त्याला शोधत फिरले, तिथेच हा घसरून मनगटावर पडला. सापडलं नाही. मेहुणा म्हणाला, दुसरं मार, परमिट आहे अजून. हा म्हणाला, "माझा मूस मला मिळाला होता. मी तो हरवला." आणि गाडी वळवली.

मग तुझ्यासमोर त्याने उरलेल्यांतली दोन काडतुसं उघडून बारूद तोलली. दोन्ही हलकी, म्हणजे गोळी खाली जाणारच. तू घरी आलीस आणि ओट्याला टेकून उभी राहिलीस. "माझा हात चुकला, गुरू." थोड्या वेळाने तू विचारलंस, "ती भरली त्या दिवशी आम्ही कॉफीला आत गेलो तेव्हा तू गॅरेजमध्ये गेला होतास का?"

मी तेव्हा नाही म्हणालो होतो.

माझं नाव तुझ्या अख्ख्या वहीत एकदाच आलंय. कुठे ते तुला माहीत आहे.

गुरुनाथ


रविवार, १५ एप्रिल २००७

पद्मिनी,

काल उल्काचा फोन आला होता. सरलाताईंशी तिचं बोलणं झालं म्हणे. सहज सांगत होती, "अरे, तिला काय झालंय? भाजीत मीठसुद्धा स्वतः घालत नाही. म्हणते, ताई, तू घाल, माझा अंदाज चुकतो."

मी फोन ठेवला. सुपातून मूठभर तांदूळ उचलून "एवढे दोघांना पुरे" म्हणणारी तू. मोजून बघ म्हटलं तर हसायचीस.

सोबत आयनारची चिठ्ठी पाठवतोय. तिच्यात विशेष काही नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. आठ आठवडे ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. तू इंग्रजी वाचशीलच, पण माझ्या हाताने मराठीत लिहिणं भाग आहे. तो लिहितो:

"पद्मिनी, राहिलेली आठही काडतुसं मी जानेवारीत उघडून तोलली. आधीची दोन धरून दहा. दहाच्या दहा हलकी आहेत, आणि सगळी अगदी सारख्याच मापाने. हात चुकला असता तर एखादं जड झालं असतं, एखादं हलकं. हाताची चूक अशी ओळीने चालत नाही. तराजू हलला असणार. कॉफीच्या आधी तू भरलेली आठ मी नेमबाजीच्या रेंजवर वापरली, ती एका नाण्याखाली झाकतील अशी लागली. म्हणजे नंतर काहीतरी झालं. तराजू माझा, टेबल माझं, तपासायचं काम माझं. चूक माझी आहे. तुला कळायला हवं म्हणून लिहितो."

चूक त्याची नाही.

२ सप्टेंबरला, शनिवारी, मी तुला बोलवायला आलो. प्रसन्नकडे गणपतीची आरती होती. गॅरेजचं दार उघडं होतं, तुम्ही आत स्वयंपाकघरात कॉफी घेत होतात. तुझं हसणं ऐकू आलं. मोठ्याने हसलीस. मला आठवेना की माझ्याबरोबर तू असं कधी हसली होतीस. टेबलावर तुझं सगळं मांडलेलं होतं, भरलेली आठ एका रांगेत, बाकीच्या बारा पुंगळ्या दुसऱ्या रांगेत, मध्ये तराजू. त्याच्या पायाशी एक छोटा पितळी स्क्रू आहे, ज्याने तो समतल करतात. मी तो अर्धा आटा फिरवला. एवढंच. दोन बोटांनी. मग बाहेर जाऊन पुन्हा हाक मारत आलो, जणू आत्ताच आलो.

आणि तू उरलेली बारा भरत असताना मी दारात उभा राहून घाई करत राहिलो. आरतीची वेळ झाली, उल्का वाट बघतेय, मोदक गार होतील. तू दरवेळी शेवटी ठरलेलं वजन ठेवून तराजू परत तपासतेस, हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते राहिलं. तुझ्या वहीत त्या तारखेखाली आहे: "गुरूची घाई. शेवटचं वजन राहिलं."

मला कुणाला इजा करायची नव्हती. माप कमीच होईल हे मला ठाऊक होतं. बार जरा मंद निघेल, म्हातारा म्हणेल काय हे, तुझ्यावरचा त्याचा विश्वास थोडा कमी होईल, शनिवार परत माझे होतील. इतकंच मनात होतं. मूसचं परमिट, दलदल, मनगट, यातलं काहीच मी धरलं नव्हतं.

तुझा हात चुकला नाही. मीठ तू घाल.

गुरुनाथ


रविवार, ६ मे २००७

पद्मिनी,

पत्र मी लिहिलं आणि फोन तू त्याला केलास.

मला कळलं ते असं, की आज दुपारी दार वाजलं. आयनार. या वेळी टोपी काढली नाही. "पद्मिनीचा फोन आला होता," म्हणाला. "पाऊण तास बोलली." आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज नाही वाटली. आधी आलं ते हेच, की पाऊण तास! मला चार महिन्यांत एक शब्द नाही, आणि याला पाऊण तास.

"चल," म्हणाला.

मी त्याच्या मागून गॅरेजमध्ये गेलो. तराजू कापडाखाली झाकलेला होता. त्याने कापड काढलं, समतल केला, पारड्यात एक वजन ठेवून काटा शून्यावर आणला. मग बाजूला झाला.

"दाखव मला. काय केलंस ते."

"आयनार, मी खरंच—"

"माफी नको आत्ता. दाखव."

मी स्क्रू धरला आणि फिरवला. अर्धा आटा. माझ्या आठवणीत जसा होता तसाच. त्याने वाकून काट्याकडे पाहिलं, मग बारूद घालून काटा परत खुणेवर आणला, आणि ती बारूद दुसऱ्या तराजूत तोलली. दोनदा तोलली.

"हे जड आहे," तो म्हणाला.

मला वाटलं तो चुकला. मी पुन्हा फिरवला, उलटीकडे. आता हलकं. पुन्हा पहिल्यासारखं. जड. सप्टेंबरात मी कुठल्या बाजूला फिरवला होता? माझ्या बोटांना माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं.

"म्हणजे तुला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

तो स्टुलावर बसला. मग भिंतीवरची ती रायफल काढून त्याने माझ्यासमोर खांद्याला लावली, नळी भिंतीकडे करून. गाल लाकडाला टेकवला आणि मोकळ्या हाताची चार बोटं डोळा आणि मागचा पोलादी खटका यांच्यामध्ये धरली. चार बोटंसुद्धा मावली नाहीत. "जड असतं," तो म्हणाला, "तर हे फुटून इथून माझ्या डोळ्यात आलं असतं. आणि ते तिने भरलेलं असतं. तिने मला मारलं असं ती जन्मभर समजली असती. त्याचा विचार केला होतास का तू?"

मी मागच्या पत्रात तुला लिहिलं की माप कमीच होईल हे मला ठाऊक होतं. ते मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की तुला लिहिताना पेन अडखळलंसुद्धा नाही. खरं हे आहे. मी काहीही बघितलं नाही. फक्त तुझं हसणं थांबावं इतकंच मला हवं होतं, आणि हाताला जे सापडलं ते मी फिरवलं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तसलं काही माझ्या मनात नव्हतं. तेही होतं. एकदा तू घरी आलीस आणि तुझ्या केसांत पितळेचा बारीक कीस अडकलेला होता. कुणाचा हात तिथपर्यंत गेला असेल, हा विचार मी दोन दिवस केला. कुणाचाच गेला नव्हता, म्हणून तर तो कीस तिथे राहिला होता. हे मला आज सुचतंय.

आयनारने मला घरी जा म्हटलं. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून बोलला, "मी तिला सांगणार आहे. तुलाही सांगायचं असेल तर आज लिही, माझ्याआधी पोचणार नाही, पण लिही."

म्हणून लिहितोय. पोचेल तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल.

गुरुनाथ


रविवार, २२ जुलै २००७

पद्मिनी,

तुझी ईमेल मिळाली. सात महिन्यांत पहिली. "तारखा करंट झाल्याचं कळलं. फॉर्म भरणार असशील तर माझे कागद तयार आहेत. नसशील तर तसं कळव." मी ती तीस वेळा वाचली असेन. माझं नावसुद्धा नाही वर.

इथे सगळीकडे हेच चाललंय. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेल्या आपल्या लोकांना सरकारने एकदम सांगितलं की सगळ्यांच्या तारखा करंट, म्हणजे खुल्या झाल्या, अर्ज भरा, १७ ऑगस्टपर्यंत. ऑफिसात कुणी काम करत नाहीये. सगळे एक्स-रे काढून घ्यायला आणि पासपोर्ट फोटो काढायला पळतायत. आणि नवऱ्याच्या अर्जाबरोबर बायकोचा अर्ज गेला की काही महिन्यांत तिला कामाचं कार्ड मिळतं. कुठेही, कुणाकडेही नोकरी करायचं. तो शिक्का पुसला जातो.

प्रसन्न काल आला होता. त्याला सगळं माहीत नाही, तू रागावून गेलीस इतकंच माहीत आहे. म्हणाला, "यार, सही करायच्या आधी तिला परत बोलव. कार्ड हातात पडलं की कशाला येतेय ती?" वकिलालाही मी विचारलं, हो, विचारलं, की बायकोचं नाव नंतर घालता येतं का. येतं म्हणाला, पण मग कधी ते देव जाणे.

मी तुला एक ईमेल लिहिली होती. भरतो, पण आधी पंधरा दिवस इथे येऊन राहा, समोरासमोर बोलू, असं. चांगली लिहिली होती, कुणालाही समजूतदार वाटली असती. पाठवायच्या आधी मी ती आयनारला दाखवावी असं वाटलं, आणि तेव्हाच समजलं की दाखवता येणार नाही. पुसून टाकली.

फॉर्म सोबत आहेत. पिवळ्या खुणा केल्यात तिथे सह्या कर, फोटो सहा लागतील, लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर मी करून घेतलंय. माझ्या जागी मी सगळीकडे सही केली आहे. वकिलाच्या ऑफिसला थेट पाठव, माझ्याकडे नको. माझ्याकडे आलेल्या पाकिटांचं काय होतं ते तू पाहिलंयस.

गुरुनाथ


शनिवार, १७ नोव्हेंबर २००७

पद्मिनी,

सप्टेंबरात तू अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायला आलीस आणि आयनारकडे उतरलीस. शेजारच्या घरी. विमानतळावर आणायला तोच गेला. दोन दिवस मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होतो. पहिल्या दिवशी तू गॅरेजमध्ये बसलीस. स्टूल पुढे ओढलंस, तराजू समतल केलास, वजन ठेवलंस, काढलंस, पुन्हा ठेवलंस. चमचा हातात घेऊन किती तरी वेळ नुसती बसलीस. आयनार मागे उभा होता. मग तुझी बोटं हलली. पाच भरलीस. मी मोजली.

दुसऱ्या दिवशी तू लॉन ओलांडून आलीस. मी दार उघडलं, तू पायरीवरच थांबलीस.

"आत नाही येत," म्हणालीस. "एकच विचारायचंय. त्या दिवशी प्रसन्नकडे आरतीला माझ्या शेजारी उभा होतास. मोदक खाल्लेस. तेव्हा तुला काय वाटत होतं?"

"चांगलं वाटत होतं," मी म्हणालो.

"बरं झालं खरं बोललास." मग तू म्हणालीस, "मी सहा महिने पाण्याचा पेला उचलतानाही हाताकडे बघत होते, गुरू. काहून केलंस रे असं?" अकोल्याचा शब्द तू फार दिवसांनी वापरलास. मी म्हणालो, राग आला होता. तू मान हलवलीस आणि गेलीस.

ते उत्तर अर्धं होतं. राग नव्हता. माझ्याकडे तुझ्या त्या टेबलासारखं काहीच नाही, पद्मिनी. दिवसभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो, शोधून त्यांना परत पाठवतो, संध्याकाळी दिवा बंद करतो. तुझ्याकडे शिक्का असूनही तू एक गोष्ट शोधून काढलीस जिथे तू पुरेपूर होतीस. तुला त्याने माझ्यापासून नेलं असं मी समजत होतो. खरं तर मला तुझी जागा हवी होती. त्या स्टुलावर मला बसायचं होतं आणि कुणीतरी म्हणायला हवं होतं की याच्या हातात घाई नाही.

आयनार मागच्या आठवड्यात उत्तरेकडे हरणाच्या शिकारीला जाऊन आला. पाच काडतुसं घेऊन गेला, चार परत आणली. मला त्याने स्वतःहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा एका वाक्यात सांगितलं. तिकडच्या, ओहायोतल्या कोलंबसमधल्या औषधांच्या प्रयोगशाळेला त्याने तुझ्यासाठी शिफारशीचं पत्र लिहिलंय, त्यांनी तुला तराजूंच्या कामासाठी बोलावलंय, हेही त्याच्याकडूनच कळलं. तू इथे परत येणार नाहीस हे त्याने सांगितलं नाही. मीच विचारलं नाही.

तुझं कामाचं कार्ड नऊ दिवसांपूर्वी आलं. अर्जावर पत्ता इथलाच होता. नऊ दिवस ते माझ्या खणात होतं. प्रयोगशाळा तुझी वाट किती दिवस बघेल याचा हिशोबही मी मनात केला, खोटं कशाला बोलू?

आज सकाळी मी बर्फ काढत होतो. आयनार त्याच्या ड्राइव्हवेवरून म्हणाला, "तिचं कार्ड आलं का?"

"नाही," मी म्हणालो.

तो आत जायला वळला. तीन-चार पावलं गेला असेल. मी फावडं बर्फात रोवलं.

"आयनार. आलंय."

तो थांबला. माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "शनिवारी पोस्ट बारा वाजता बंद होतं. गाडी मी काढतो."

हे पत्र मी पोस्टाच्या काउंटरवर उभं राहून पुरं करतोय. आयनार माझ्या मागे रांगेत आहे. त्याला काही पाठवायचं नाहीये. मला एकट्याला येऊ द्यायचं नव्हतं त्याला, आणि बरोबरच आहे.

तू सोमवारनंतर कधीतरी त्या प्रयोगशाळेत जाशील. तिथे कुणीतरी तुझ्या शेजारी उभं राहील, तुझे हात बघेल, आणि मनापासून चांगलं काहीतरी बोलेल. मला त्या माणसाचं नावही माहीत नाही आणि आत्ताच त्याचा हेवा वाटतोय. वाटू दे. तो माझा मला सांभाळायचा आहे. कार्ड आत घातलंय. बाई विचारतेय, पाकीट बंद करू का. मी हो म्हणालोय.

गुरुनाथ